सावित्रीबाईंची लेखणी

पुण्याच्या बुधवार पेठेतून आपण कधी ना कधी गेला असाल. दगडूशेठ हलवाई गणपतीपुढची गर्दी, जवळचा फरासखाना, थोडे पुढे गेले की आप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकाने, आणि शाळा उघडायच्या दिवसांत तिथे वह्यापुस्तकांसाठी होणारी आईबापांची झुंबड, हे सारे आपल्या ओळखीचे आहे. गणपतीचे दर्शन घेऊन मागे वळले की रस्त्यापलीकडे एक जागा लागते. तिथे भिडेवाडा होता. पुष्कळ वर्षे तो पडक्या अवस्थेत, कोर्टकज्ज्यात अडकून उभा होता. २०२३ सालच्या डिसेंबरात तो उतरवण्यात आला आणि त्या जागी राष्ट्रीय स्मारक उभारायचे ठरले. तात्यासाहेब भिडे यांच्या ह्याच वाड्यात १८४८ साली जोतिराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली आणि सतरा वर्षांच्या सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या.

सावित्रीबाईंचे नाव घेतले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते. रस्त्याने एक तरुण बाई चालली आहे, लोक तिच्या अंगावर शेण-चिखल टाकताहेत, शाळेत पोचल्यावर ती पिशवीतले दुसरे लुगडे नेसते आणि शिकवायला उभी राहते. ही आठवण पूज्यच आहे. पण तिच्यात सावित्रीबाईंच्या वाट्याला फक्त सोसणे येते. ह्या बाईच्या मनात काय होते, तिने काय विचार केला, काय लिहिले, हे त्या चित्रात कुठेच दिसत नाही. मी कॉलेजात मराठी शिकवतो. सावित्रीबाईंनी काय केले, असे वर्गात विचारले तर पन्नास हात वर होतात. सावित्रीबाईंनी काय लिहिले, असे विचारले की सगळेजण बाकाखाली पेन शोधू लागतात!

म्हणून आज मी आपल्याशी लेखिका सावित्रीबाईंविषयी बोलणार आहे. त्यांची लेखणी आणि त्यांचे काम ह्या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. दास्य मोडायचे हेच त्या दोहोंचे काम होते, एवढे जरी आपल्या मनात ठसले तरी माझ्या बोलण्याचे चीज झाले असे मी समजेन.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा. गाव नायगाव, आजच्या सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यातले. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. नवव्या वर्षी, १८४० साली, पुण्याच्या जोतिराव फुल्यांशी लग्न झाले. नवरदेव तेरा वर्षांचे. जोतिरावांची आई लहानपणीच गेलेली. सगुणाबाई क्षीरसागरांनी त्यांना वाढवले होते. जोतिराव स्वतः शिकले आणि शेतातले काम सांभाळून त्यांनी सावित्रीबाईंना अक्षरओळख करून दिली. पुढचे शिक्षण सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर ह्या त्यांच्या मित्रांकडे झाले. बाईमाणसाच्या हाती पाटी आली तर घर बुडते, असे मानणारा तो काळ. आणि त्या काळात आपल्या बायकोला शिकवायला मित्रांना सांगणारा हा नवरा! पण शिकवणारे कितीही चांगले असले तरी शिकणाऱ्याची भूक स्वतःचीच असावी लागते. ती सावित्रीबाईंची होती.

आता थोडे पुणे सोडून दूर जाऊ. ज्या १८३१ साली नायगावात ही मुलगी जन्मली, त्याच साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याने एक कायदा केला. काळ्या माणसांना, मग ते गुलाम असोत की मुक्त, लिहावाचायला शिकवण्यासाठी लोक एकत्र जमले तर तो गुन्हा ठरेल, असा तो कायदा होता. गुलामांचे मालक मूर्ख नव्हते. माणूस वाचू लागला की साखळीकडे पाहू लागतो, आणि पाहू लागला की ती कोणी घातली हे विचारू लागतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आपल्याकडे असा छापील कायदा करावा लागला नाही. शूद्रातिशूद्रांनी आणि स्त्रियांनी विद्येला शिवू नये ही समजूतच कायद्यापेक्षा कडक होती. तिथे माणसांचा लिलाव होई, इथे तसा बाजार नव्हता, हा फरक आहेच, आणि तो विसरू नये. परंतु अक्षरावर पहारा बसवण्याची युक्ती दोन्हीकडे एकच.

तिकडे बॉल्टिमोर शहरात १८२५ साली मुक्त कृष्णवर्णीय आईबापांच्या पोटी फ्रान्सिस वॉटकिन्स नावाची मुलगी जन्मली. ती लवकरच पोरकी झाली, नातेवाइकाच्या शाळेत शिकली, ओहायोत जाऊन शिक्षिका झाली, आणि १८५४ साली बोस्टनमध्ये तिचा कवितासंग्रह निघाला. त्याच साली ती गुलामगिरीविरुद्ध गावोगाव व्याख्याने देऊ लागली. आणि गंमत पाहा, तिच्याहून सहा वर्षांनी लहान असलेल्या आमच्या सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रहही १८५४ चाच! दोघींमध्ये सात समुद्रांचे अंतर, भाषा वेगळी, धर्म वेगळा. एकीने दुसरीचे नाव ऐकल्याचे कुठे दिसत नाही. तरी दोघी शिक्षिका, दोघी कवयित्री, आणि दोघींच्या कवितेमागे एकच प्रश्न: माणूस असून आम्हांला माणसात का धरत नाही?

‘काव्यफुले’ निघाला तेव्हा सावित्रीबाई तेवीस वर्षांच्या होत्या. केशवसुतांचा जन्म व्हायला अजून बारा वर्षे होती. म्हणजे ज्याला आपण आधुनिक मराठी कविता म्हणतो तिचा पाळणाही हलायचा होता. संग्रहात एकेचाळीस कविता आहेत. काही फुलांवर आहेत. माळ्याच्या घरातल्या बाईने फुलांकडे पाहिले आहे, ते शहरातल्या पाहुण्यासारखे नाही. काही शिवरायांवर आहेत, काही मुलांना उपदेश करणाऱ्या, काही थेट शूद्रांच्या दैन्यावर आणि मनूच्या वचनांवर. इंग्रजी विद्येचे त्यांनी मोकळेपणाने स्वागत केले आहे. काव्य म्हणून सगळ्या सारख्या तोलाच्या आहेत असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी शिक्षिका पुढे होते आणि कवयित्री मागे राहते. पण त्यांची भाषा बघा. ती साधी, अभंग-ओवीच्या वळणाची, ज्याला वाचता येत नाही त्यालाही ऐकून कळावी अशी आहे. वाचणारे मूठभर आणि ऐकणारे हजारो, हे त्यांना ठाऊक होते. ज्यांच्यासाठी लिहायचे त्यांच्या कानाचा विचार करून लिहिणे ही लहान गोष्ट नाही.

शाळेचे काम सोपे नव्हते. भिडेवाड्यातल्या पहिल्या प्रयत्नात खंड पडला. ह्या उद्योगापायी सासरे गोविंदराव यांनी मुलाला आणि सुनेला घर सोडायला लावले. तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, आणि त्यांच्या घरच्या फातिमाबी सावित्रीबाईंच्या सोबतीने शिकवण्याच्या कामात उतरल्या. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतच, अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात, पुन्हा शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी आठ मुली आल्या. पुढे त्यांच्या अठ्ठेचाळीस झाल्या. मग रास्ता पेठेत एक आणि वेताळ पेठेत एक अशा आणखी शाळा निघाल्या. १८५२ च्या नोव्हेंबरात सरकारने विश्रामबागवाड्यात जोतिरावांचा शालजोडी देऊन सत्कार केला. भिडे, चिपळूणकर, परांजपे, भवाळकर ही नावे मी मुद्दाम घेतली. विरोध करणारे जसे पुण्यात होते, तसे वाड्याचे दार उघडून देणारेही पुण्यातच होते.

शिक्षिकेचे खरे पुस्तक म्हणजे तिचा विद्यार्थी. फुल्यांच्या शाळेत मांग समाजातली मुक्ता साळवे नावाची मुलगी शिकत होती. चौदा वर्षांच्या ह्या मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्राच्या फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांतून छापून आला. वेद जर आमचे नाहीत, तर आमचा धर्म तरी कोणता, असा सवाल तिने केला. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसते, थंडीवाऱ्यात त्यांचे काय होत असेल, हेही तिने लिहिले. तीन वर्षे शिकलेली पोर हे विचारते! व्हर्जिनियाच्या मळेवाल्यांना ज्याची भीती होती ते पुण्यात असे प्रत्यक्ष घडले.

सावित्रीबाईंची जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रे उपलब्ध आहेत. माझ्या मते त्यांच्या लेखणीचे खरे बळ ह्या पत्रांत आहे. पहिले १८५६ च्या ऑक्टोबरातले, नायगावचे. आजारातून उठायला त्या माहेरी आल्या होत्या. आपल्या मागे शाळेचा सगळा भार फातिमावर पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, हे त्यांना आठवते. मग घरातला प्रसंग येतो. भावाने ऐकवले, की तुम्ही नवराबायको महारामांगांसाठी काम करता, म्हणून वाळीत पडला आहात. जातीला धरून वागा. आता माहेरी, आजारपणात, आईसमोर सख्खा भाऊ असे बोलला, तर बहुतेक बायका डोळ्यांना पदर लावतील. सावित्रीबाईंनी वाद घातला. शेळी-गाय तुम्ही प्रेमाने कुरवाळता, नागपंचमीला नागाला दूध पाजता, मग तुमच्यासारख्याच माणसांचा तुम्हांला विटाळ कसा होतो, असे त्यांनी भावाला विचारले. शेवटी भाऊ वरमला आणि आईचेही मन भरून आले. हे सगळे त्या नवऱ्याला कळवतात, पण त्यात रडगाणे नाही की फुशारकी नाही. एका मोर्चावरच्या शिपायाने दुसऱ्या मोर्चावरच्या सोबत्याला खबर द्यावी तसे ते पत्र आहे.

मुक्ताने ज्या बाळंतिणींबद्दल लिहिले त्या तिच्या वस्तीतल्या होत्या. पण उंच वाड्यांतल्या बाळंतिणींचे हाल वेगळेच होते. पुण्यात काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा जोतिरावांचे मित्र गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला होती. तिला फसवले गेले, दिवस गेले, आणि अब्रूच्या भीतीने तिने मूल मारले. तिला जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फसवणारा मोकळाच. ही हकीकत जोतिरावांनीच पुढे, १८८४ साली, सरकारला लिहिलेल्या टिपणात सांगितली आहे. ह्या प्रकाराने कळवळून १८६३ साली फुले दांपत्याने स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवांनी गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे की ठेवावे हे त्यांच्या खुशीवर, अशी पत्रकेही लावली. त्या टिपणात जोतिराव पस्तीस बायकांचा आकडा देतात; आणि पोटात असतानाच आयांनी घेतलेल्या जहाल औषधांमुळे त्यांतली बहुतेक मुले दगावल्याचेही सांगतात. पत्रक लावणे सोपे. पण रात्री-अपरात्री दार उघडायचे, तापलेले पाणी आणायचे, घाबरलेल्या पोरीचा हात धरायचा, आणि मेलेले मूल उचलायचे, हे कोणी केले? घरातल्या बाईनेच. त्याच घरात जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले, यशवंत असे नाव ठेवले आणि डॉक्टर केले.

योगायोग असा, की त्याच १८६३ च्या पहिल्या जानेवारीला अध्यक्ष लिंकन यांनी बंडखोर राज्यांतल्या गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला, आणि १८६५ साली घटनेत दुरुस्ती होऊन अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपली. ही वार्ता पुण्यात वाया गेली नाही. जोतिरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले आणि ते अमेरिकेतल्या दास्यविमोचनासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा तिथे नोंदवली. तेव्हा सावित्रीबाईंना दास्यविमोचक म्हणताना मी परका अंगरखा त्यांच्या अंगावर चढवत नाही. त्या घराला हे नाते स्वतःलाच कळले होते.

दुसरे पत्र २९ ऑगस्ट १८६८ चे, पुन्हा नायगावहून. पंचांग सांगत हिंडणारा गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महाराची मुलगी ह्यांचे प्रेम जमले. तिला सहावा महिना लागला. गावाला कळले. लोकांनी दोघांना धरून मारत मारत गावातून फिरवले आणि आता जीव घेणार, इतक्यात सावित्रीबाई धावत गेल्या. त्यांनी जमावाला इंग्रजी कायद्याचा धाक घातला: खून कराल तर काय होईल, ते बघा. जमाव नरमला, पण दोघांनी गाव सोडावे अशी अट घातली. सावित्रीबाईंनी त्यांना पुण्याला, जोतिरावांकडे पाठवून दिले. श्रोतेहो, आजही वर्तमानपत्रात आपण अशा बातम्या वाचतो. तेव्हा त्या जमावात शिरणारे कोणी असते का, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावा.

तिसरे पत्र २० एप्रिल १८७७ चे, जुन्नरजवळच्या ओतूरचे. दुष्काळ भयंकर पडला होता. चाऱ्यावाचून गुरे मरत होती, माणसे गावे सोडून चालली होती, आणि सावकार अडलेल्यांना नाडत होते. सत्यशोधक मंडळी मदतीला धावली तर त्यांच्यावरच आळ घेऊन पन्नासजणांना पकडण्यात आले. सावित्रीबाई कलेक्टरला भेटल्या, निरपराध माणसे का धरली म्हणून जाब विचारला. कलेक्टर भला निघाला. माणसे सुटली आणि दुष्काळग्रस्तांसाठी चार गाड्या ज्वारी आली. पुण्याची एक बाई, नवरा जवळ नसताना, गोऱ्या साहेबासमोर उभी राहते आणि त्याचा वृत्तान्त लिहून ठेवते. कोण चुकले, कोण भले वागले, ज्वारी किती आली, हे सगळे त्यात आहे. नवऱ्याचे नाव घेण्यापूर्वी बायका उखाणा शोधत त्या काळात ही बाई नवऱ्याशी सार्वजनिक कामाची पत्रापत्री करत होती, ही मराठी गद्याच्या इतिहासातली अपूर्व गोष्ट आहे.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव वारले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे ह्यावरून भाऊबंदांनी दत्तक मुलाच्या हक्काला हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे घेऊन पुढे चालू लागल्या. त्या वेळी त्यांचे वय साठीला टेकले होते. १८९२ साली त्यांचे ‘बावनकशी सुबोधरत्नाकर’ हे काव्य निघाले. बावन्न कडव्यांत त्यांनी जोतिरावांचे चरित्र आणि कार्य गायिले. १८९३ साली सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

आणि मग १८९७ चा प्लेग. लोक घरे टाकून पळत होते. यशवंतरावांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना थाटला होता. मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांचा मुलगा प्लेगने पडला आहे हे कळताच सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. ज्याच्या सावलीचा विटाळ मानायला लहानपणापासून शिकवले जाई, ते मूल सहासष्ट वर्षांच्या बाईने पाठीवर घेतले. नायगावात भावाला चाळीस वर्षांपूर्वी दिलेले उत्तर असे शेवटपर्यंत पुरे झाले.

पुढे टपाल खात्याने १९९८ साली त्यांचे तिकीट काढले, २०१४ साली पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. हे योग्यच झाले. भिडेवाड्याच्या जागी स्मारक व्हायचे तेही होवो. पण लेखकाचे स्मारक दगडाने पुरे होत नाही, त्याला वाचक लागतो. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले सावित्रीबाईंचे समग्र वाङ्मय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली प्रसिद्ध केले. ग्रंथालयात ते मागून घ्या. सगळे नाही जमले तरी ती तीन पत्रे वाचा. आणि मनातल्या मनात नव्हे, घरात सगळ्यांना ऐकू येतील अशी मोठ्याने वाचा. अर्धा तास पुरेल. वाचून झाल्यावर घरातली एखादी मुलगी जर विचारील की त्या भावाने पुढे काय केले, किंवा गणेश आणि शारजा कुठे गेले, तर तिला गप्प बसवू नका. प्रश्न विचारायला मुलींना शिकवावे, एवढ्यासाठीच तर बुधवार पेठेत ती शाळा निघाली होती.